विमानाचं घर पाहायला गेलेली माणसं

शनिवार, ५ एप्रिल. सकाळी नऊ वाजून चाळीस मिनिटांनी वरोऱ्यात आमच्या गल्लीच्या तोंडाशी, विजेच्या खांबाला, माझ्या बायकोचा दहा बाय सहा फुटांचा फ्लेक्स लागला. चेहरा तिचा होता. मानेखाली पांढरा शर्ट, खांद्यांवर सोनेरी पट्ट्या आणि मनगटापर्यंत केस असलेला एक भक्कम पुरुषी हात होता. त्या हातानं ती गल्लीला सलाम ठोकत होती. मागे लढाऊ विमान होतं. खाली मजकूर: 'आमच्या कनिष्ठ महाविद्यालयाच्या गणित शिक्षिका सौ. दामिनी नागसेन निमसरकार यांची वैमानिकपदी निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन.' शुभेच्छुकांमध्ये मध्यभागी संस्थेचे अध्यक्ष, भोवती त्यांचे नऊ कार्यकर्ते आणि अध्यक्षांच्या उजव्या हाताला, जरा मोठ्या आकारात, अध्यक्षांचा पुतण्या सुरेंद्र.

दामिनीची कुठेही निवड झालेली नव्हती. तिनं पाच दिवसांपूर्वी राजीनाम्याची तीन महिन्यांची नोटीस दिली होती, एवढंच खरं होतं. नोटीस ३० जूनला संध्याकाळी साडेपाचला संपणार होती. तोपर्यंत राजीनामा मागे घेता येत होता. त्यानंतर बारा वर्षांची कायम नोकरी गेली आणि जागा रिकामी. सुरेंद्र गणितात एम.एस्सी. आहे आणि दोन वर्षांपासून घरी आहे. अभिनंदनाची घाई कोणाला झाली होती हे कळायला त्याहून जास्त गणित लागत नाही.

तर तीन महिन्यांच्या आत एक चांगली विमानशाळा निवडायची, एवढंच काम होतं. मी चंद्रपूरच्या एका दैनिकात जिल्ह्याचं पान पाहतो. रोज संध्याकाळी पंधरा तालुक्यांतून आलेल्या मजकुरातून खरं-खोटं वेगळं करणं हा माझा पोटापाण्याचा धंदा आहे. तेव्हा शाळा मी शोधीन, तू परीक्षेचा अभ्यास कर, असं मी दामिनीला सांगितलं. ती 'बरं' म्हणाली. दामिनी 'बरं' म्हणते तेव्हा तिला पटलेलं असतंच असं नाही, हे मला लग्नाला नऊ वर्षं होऊनही वेळेवर आठवत नाही.

मी एक तक्ता केला. देशभरातल्या बावीस शाळा आणि प्रत्येकीसाठी चौदा रकाने: विमानं किती, शिक्षक किती, महिन्याला तास किती, धावपट्टी स्वतःची की भाड्याची, वसतिगृह, जेवण, पाऊस किती दिवस, फोन कितव्या घंटीला उचलतात. प्रत्येक रकान्याला गुण. तक्ता इतका नेटका झाला की मी त्याची रंगीत प्रत काढून फ्रीजवर लावली. आल्यागेल्यानं पाहावी अशी माझी इच्छा होती आणि आल्यागेल्यानं ती पाहिलीही.

पहिले आले मुखरूभाऊ. हे आमच्या शेजारी राहतात. तलावातल्या मासेमारी सोसायटीचे ते सचिव आहेत आणि आयुष्यात कधी वर पाहून चाललेले नाहीत. त्यांनी तक्त्यावर बोट ठेवून बावीसही नावं वाचली आणि विमान उतरवण्याचं शास्त्र मला समजावून सांगितलं.

"डोंगा काठाले लावण्यासारखं हाय ते, नागसेनभाऊ. पानी पाहून नाई, काठ पाहून लावा लागते. तुमच्या या कागदात काठ कुठी हाय?"

मी म्हणालो, चौथा रकाना, धावपट्टी. त्यांनी चौथा रकाना पाहिला आणि मान हलवली. ज्याला आपण विचारलेलं नाही अशा माणसानं आपल्या उत्तरावर नाराज होणं मला फार लागतं.

नंतर गल्लीतली इतर मंडळी आली. एकांनी विचारलं की वयाचं काय. दामिनी चौतीसची आहे. वैमानिक होण्याची वरची वयोमर्यादा बरीच पुढे आहे. गल्लीत ती फार आधी संपते. दुसऱ्यांनी विचारलं की विमान वरोऱ्यावरून जाईल तेव्हा ती खाली हात दाखवेल का. तिसऱ्यांच्या मते नोकरी न सोडता मे महिन्याच्या सुट्टीत हा कोर्स उरकता आला असता.

सरकारी बाजूनंही साथ दिली. वैमानिकाच्या परीक्षेसाठी दहावी-बारावीच्या गुणपत्रिकांची बोर्डाकडून पडताळणी लागते. गुणपत्रिकेवर दामिनी गुणवंतराव अलोणे, आधारवर दामिनी नागसेन निमसरकार. खिडकीतल्या बाबूंनी या दोन्ही बाया एकच आहेत याचा पुरावा मागितला. लग्नाचं प्रमाणपत्र दिलं. त्यावरून अलोणेबाईंचं लग्न झाल्याचं सिद्ध होतं, त्या बारावी झाल्याचं होत नाही, असं त्यांचं मत पडलं. दामिनीनं गेल्या बारा वर्षांत स्वतःच्या सहीनं दोन-अडीच हजार मुलांचे असलेच कागद प्रमाणित केले आहेत. ते सांगून पाहिलं. बाबू म्हणाले, मग तुमचे कागद तुमच्याच विषयाच्या दुसऱ्या कोण्या शिक्षकाकडून प्रमाणित करून आणा. महाविद्यालयात गणिताचा दुसरा शिक्षक नाही. सुरेंद्रनं मात्र कुठूनसं ऐकून लागेल ती मदत करण्याची तयारी दाखवली. हे काम अठरा दिवसांनी झालं.

तक्त्यात वरचा क्रमांक आला नभांगण विमान प्रशिक्षण संस्थेचा, शंभरपैकी त्र्याऐंशी. सहा विमानं, स्वतःची धावपट्टी, महिन्याला विद्यार्थ्यामागे वीस तास, आणि तिथल्या माधवी मॅडम फोन पहिल्या घंटीला उचलत. सगळ्यात खाली, बाविसाव्या क्रमांकावर, एक जुना फ्लाइंग क्लब होता. त्याची वेबसाइट अर्धी उघडत होती आणि फोन मी अकरा वेळा लावूनही कोणी उचलला नव्हता. दुसरा क्रमांक गडचिरोलीच्या एका संस्थेचा होता. जंगलाच्या जिल्ह्यात विमानशाळा असणं मला अभिमानाचं वाटलं आणि मी साप्ताहिक सुटीच्या दिवशी मोटारसायकल काढली.

सावली गावाच्या पुढे रस्त्यावर वाघ बसला होता, तासभर गेला. गडचिरोलीत संस्था ट्रॅक्टरच्या शोरूमच्या वरच्या मजल्यावर निघाली. संचालक आधी स्पोकन इंग्लिशचे वर्ग चालवत. त्यांच्याकडे विमान नव्हतं, सिम्युलेटर होता. म्हणजे एका भंगारातल्या मिनीबसचा पुढचा भाग कापून त्याच्यासमोर टीव्ही लावलेला होता. स्टेअरिंगच्या मधोमध मिनीबसच्या कंपनीचा शिक्का तसाच होता. मला बसवलं. टीव्हीवर मुंबईचा विमानतळ आला. मी उतरत असताना, जमीन साधारण दोनशे फुटांवर आली असताना, वीज गेली.

संचालक अंधारात शांतपणे म्हणाले, "समजा, उतरलो."

या संस्थेला मी ऐंशी गुण दिले होते. घरी मी एवढंच सांगितलं की अंतर जास्त पडतं.

आता नभांगणच राहिली होती. मी जाऊन पाहून येतो म्हटलं, आणि इथे माझ्या सासऱ्यांनी सूत्रं हातात घेतली. गुणवंतराव एसटीत वाहतूक नियंत्रक होते. निवृत्तीला सात वर्षं झाली, तरी आपल्या घरातून कोणी निघालं की किती वाजता निघालं हे ते मोठ्यानं सांगतात. दामिनीच्या या प्रकरणासाठी त्यांनी आपला प्लॉट विकायला काढायची तयारी केली होती, त्यामुळे मला त्यांच्यापुढे फार बोलता येत नव्हतं. त्यांचं म्हणणं सरळ होतं. पोरगी दोन वर्षं परक्या घरी ठेवायची आहे. तर चार माणसं जातील, घर पाहतील, बसतील, बोलतील, मग काय ते ठरेल. आपल्यात असंच होतं. तुमच्या लग्नाच्या वेळी नाही का आम्ही तुमच्या घरी आलो होतो?

मी म्हणालो, "मामाजी, ही सोयरीक नाही. ही संस्था आहे."

"संस्थेतबी मानसंच राह्यतेत ना, जावईबापू?"

म्हणून १७ मेच्या पहाटे पाच दहाला (वेळ मामाजींनी जाहीर केली) विक्कीच्या टॅव्हेरातून मंडळी निघाली. विक्की हा वय वर्षं बेचाळीसचा, तीन पोरांचा बाप आहे. नाव तेवढं तसं राहिलं. गाडीत मामाजी, दामिनी, मी आणि मुखरूभाऊ. मुखरूभाऊ कशाला, हे मी विचारलं. शेजारी नेला नाही तर समोरच्याला वाटतं की आपलं गावात कोणाशी पटत नाही, असं उत्तर मिळालं. चिमूरला केसरबाई चढल्या. या मामाजींच्या थोरल्या बहीण, दामिनीच्या आत्या. वय एकाहत्तर. त्यांनी आजवर एक्केचाळीस सोयरिकी जुळवल्या आहेत आणि त्यांच्या शब्दांत सांगायचं तर एकही पोरगी परत आलेली नाही. त्यांनी गाडीत बसताच मला विचारलं, त्या घरात माणसं किती आणि कर्तं कोण. मी तक्ता पुढे केला. त्यांनी तो घडी करून उन्हाच्या बाजूच्या काचेला लावला. नभांगणपर्यंत तो तिथेच होता.

आम्ही अकरा पन्नासला पोचलो. ऊन पंचेचाळीस अंश. स्वागताला माधवी मॅडम आणि मुख्य प्रशिक्षक कॅप्टन साहेब उभे होते. कॅप्टन साहेब उंच, गोरे, दूर उत्तरेकडचे, अर्धं हिंदी आणि अर्धं इंग्रजी बोलणारे. एका विद्यार्थिनीबरोबर इतकी वयस्क मंडळी पाहून ते क्षणभर थबकले. बहुधा त्यांना वाटलं आम्ही सगळेच प्रवेश घ्यायला आलो आहोत. मी पुढे होऊन माझी ओळख करून दिली आणि विमानांच्या देखभालीविषयी तयार करून आणलेला पहिला प्रश्न विचारणार, तेवढ्यात केसरबाईंनी पायातल्या चपला काढून कार्यालयात बैठक मारली.

पुढचा अर्धा तास माझ्या आयुष्यातल्या लाजिरवाण्या अर्ध्या तासांमध्ये वरच्या जागी ठेवावा लागेल. त्यांनी कॅप्टन साहेबांना विचारलं की पाणी विहिरीचं की नळाचं. जमीन स्वतःची की कोणाची. बायको कुठे असते, आणि इथे का नसते. मामाजींनी विचारलं की पहिलं विमान किती वाजता सुटतं. साहेब म्हणाले, हवामानावर आहे. मामाजी म्हणाले, ते असू द्या, वेळापत्रकात किती वाजता आहे. वेळापत्रक नव्हतं. मुखरूभाऊ धावपट्टीवर गेले आणि मधोमध उकिडवे बसून भेगेतलं गवत उपटून पाहू लागले. मी प्रत्येकाच्या वतीनं माधवी मॅडमकडे पाहून माफीचं हसत होतो. दामिनी कुठे होती याकडे माझं लक्ष नव्हतं.

मग केसरबाईंनी विचारलं, "आधीच्या पोरी कुठी हायेत?"

कॅप्टन साहेबांना कळलं नाही. मी भाषांतर केलं: पूर्वीचे विद्यार्थी. साहेब खुलले. म्हणाले, "माताजी, हमारे बच्चे तो सब जगह हैं."

"सब जगा म्हंजे कोन्या गावाले?"

साहेबांनी माधवी मॅडमकडे पाहिलं. माधवी मॅडमनी सरबत मागवलं. सरबत आलं तसं केसरबाईंनी ते खाली ठेवलं, गुडघ्यावर हात देऊन उठल्या आणि स्वयंपाकघर कुठे आहे ते विचारून तिकडे गेल्या. घर पाहायला आलेल्या बाईनं चूल पाहणं हा आमच्याकडे रिवाज आहे, अडवता येत नाही. कॅप्टन साहेबांना हे माहीत नव्हतं, पण त्यांनाही अडवता आलं नाही.

आत दुर्गाबाई नावाच्या स्वयंपाकीण होत्या. अकरा मिनिटांत दुर्गाबाईंच्या नणंदेची जाऊ केसरबाईंनीच चिमूरला दिली असल्याचं निष्पन्न झालं. यानंतर वसतिगृहात काही गुप्त राहणं शक्य नव्हतं.

दरम्यान मला विमानं दाखवण्यात आली. पत्रकात सहा होती. जागेवर दोन. चार 'दुसऱ्या तळावर' होती. तळ कुठे, हे हवामानावर असावं. दोनपैकी एकाचं इंजिन दुरुस्तीला गेलं होतं आणि ते ताडपत्रीखाली होतं. दुसरं मात्र चकचकीत उभं होतं. ते उडवून दाखवा म्हटल्यावर समजलं की इंधनाची गाडी उद्या येणार आहे. व्हरांड्यात पांढऱ्या गणवेशातली काही पोरं रांगेनं बसली होती. मी एकाला विचारलं, कशाची वाट पाहताय. तो म्हणाला, जेवणाची.

निघताना मामाजींनी हात जोडले. कॅप्टन साहेबांनी विचारलं, तो फिर, पक्का? मामाजी अतिशय अदबीनं म्हणाले, "घरी विचारतो अन् कळवतो."

हे वाक्य आमच्या भागात कोणीही लहानपणापासून ओळखतं. पोरगी पाहायला गेलेली माणसं ते बोलली की त्या घरात दुसऱ्या स्थळाचा शोध सुरू होतो. नाही म्हणायची ती पद्धत आहे. तोंडावर नाही म्हणणं म्हणजे समोरच्याच्या अंगणात थुंकणं. पण कॅप्टन साहेब आमच्या भागातले नव्हते. ते 'शुअर, शुअर' म्हणाले. माधवी मॅडमनी एक नारळ आणला, आणि संस्थेचं नाव असलेली टोपी दामिनीच्या डोक्यावर ठेवली. निघताना दिलेली वस्तू परत करायची नसते, हाही रिवाज. मग चकचकीत विमानासमोर फोटो झाला. मध्ये टोपीतली दामिनी, एका बाजूला मामाजी नारळ घेऊन, दुसऱ्या बाजूला मुखरूभाऊ मुठीत गवत घेऊन.

गाडी फाटकाबाहेर पडल्यावर केसरबाई बोलल्या.

"तीन पावसाळे झाले, तेच एकोनीस पोट्टे जेवून राह्यले. दुर्गा सांगे, एकबी पोट्टा शिकून गेला नाई. रोज सकारी कपडे घालतेत, बसतेत, जेवतेत, झोपतेत. विमान उठते पाहुने आले तं. आज आपन आलो तं तेल नाई. कायले देतं गा गुणवंता पोरीले इथी?"

मी म्हणालो की एका स्वयंपाकिणीच्या सांगण्यावरून निष्कर्ष काढणं बरोबर नाही. माझ्याकडे माधवी मॅडमनी दिलेले आकडे आहेत. महिन्याला वीस तास.

दामिनी मागच्या सीटवर टोपी मांडीवर घेऊन बसली होती. ती म्हणाली, "त्या विमानाची उड्डाणाची वही मी पाहिली. मेकॅनिक चहा प्यायला गेला होता तेव्हा. गेल्या वर्षात सगळे मिळून दोनशे अठ्ठावीस तास. एकोणीस जणांत वाटले तर वर्षाला बारा. परवान्याला दोनशे लागतात." मग म्हणाली, "सोळा वर्षं आठ महिने. पन्नाशी पार करून मी वैमानिक होईन."

विक्कीनं आरशातून माझ्याकडे पाहिलं. मी काचेला लावलेला तक्ता काढला. उन्हानं त्याचा रंग उडाला होता.

रविवारी सकाळी सव्वाआठला नभांगणनं तो फोटो इंटरनेटवर टाकला: 'नव्या तुकडीच्या विद्यार्थिनी दामिनी मॅम आणि त्यांच्या परिवाराचं स्वागत.' साडेआठला गल्लीनं पाहिला. नऊला अध्यक्षांनी पाहिला. सोमवारी त्याची छापील प्रत दामिनीच्या सेवापुस्तकात लागली. २० जूनला अध्यक्षांनी निरोप समारंभ ठेवला, नोटीस संपायच्या दहा दिवस आधी, कारण नंतर अध्यक्षांना वेळ नव्हता. शाल, श्रीफळ, भिंतीवरचं घड्याळ. सुरेंद्रनं आभार मानले, आणि ओघात 'माझ्या विद्यार्थ्यांच्या वतीनं' असं बोलून गेला.

२३ जूनला दामिनी आणि मी महाविद्यालयाच्या कार्यालयात गेलो. शाळा ठरलेली नव्हती आणि सात दिवस उरले होते, तेव्हा राजीनामा मागे घेण्याचा अर्ज तयार ठेवणं शहाणपणाचं होतं. कार्यालयाचे मोठे बाबू लच्छूबाबू. हे माणूस म्हणून वाईट नाहीत. फक्त कागदाशिवाय त्यांना काही दिसत नाही. त्यांनी फोटोची प्रत काढून दाखवली. मॅडमनी दुसरीकडे प्रवेश घेतला असताना राजीनामा मागे कसा घेता येईल? प्रवेश घेतला नाही म्हटलं, तर तसं त्या संस्थेचं पत्र आणा म्हणाले. माधवी मॅडमना फोन केला. मॅम, तुमची सीट कन्फर्म आहे, काळजी करू नका, असं त्यांनी सांगितलं. कन्फर्म नको आहे म्हटलं, तर रद्द करण्याचा अर्ज प्रवेश झाल्यावरच भरता येतो, असं कळलं. मी कडक शब्दांत ईमेल लिहिली. तिला उत्तर म्हणून वसतिगृहात आणायच्या वस्तूंची यादी आली.

हा गुंता केसरबाईंनी चिमूरहून फोनवर सोडवला. सोयरीक मोडायची तर दिलेली वस्तू परत पाठवायची, एवढं त्यांना ठाऊक होतं. दामिनीनं टोपी, आणि एव्हाना खाऊन संपलेल्या नारळाच्या जागी नवा नारळ, एसटीच्या पार्सलनं पाठवला. चौथ्या दिवशी नभांगणच्या कार्यालयाच्या शिक्क्यासह पोच आली: 'टोपी एक, नारळ एक, परत मिळाले.' लच्छूबाबूंनी ती पोच दोनदा वाचली, मागून पाहिली आणि टाचणीनं फोटोला लावली. म्हणाले, आता प्रवेश नाही असं मानायला हरकत नाही. तीस तारखेला साडेपाचच्या आत अर्ज द्या. माझ्या ईमेलची प्रत मी पुढे केली होती. ती त्यांनी घेतली नाही.

मला वाटलं प्रकरण संपलं. नोकरी वाचली, पुढच्या वर्षी पुन्हा पाहू. २८ तारखेच्या संध्याकाळी दामिनी म्हणाली की सोमवारी ती त्या बाविसाव्या क्रमांकाच्या क्लबात जाणार आहे. दुर्गाबाईंकडून केसरबाईंना आणि केसरबाईंकडून तिला कळलं होतं की नभांगणमधून कंटाळून गेलेले तीन पोरगे तिथे गेले आणि दोन परवाना घेऊन बाहेर पडलेसुद्धा. तिनं क्लबाला पत्र लिहिलं होतं. पोस्टानं. उत्तरही पोस्टानं आलं होतं: एक जागा, ३० जूनला लेखी परीक्षा आणि मुलाखत, निकाल त्याच दिवशी.

मी म्हणालो, ते फोन उचलत नाहीत.

"कामात असतील," दामिनी म्हणाली.

मी विचारलं, हे मला आधी का नाही सांगितलं. ती म्हणाली की शाळा निवडायचं काम माझ्याकडे होतं, मध्ये पडणं बरं दिसलं नसतं. यात टोमणा होता का हे मी त्या वेळी ठरवू शकलो नाही. मामाजींनी विक्कीला फोन लावायला घेतला, मुखरूभाऊंनी धोतर बदलण्याची तयारी दाखवली. दामिनीनं सगळ्यांना बसवलं आणि आपण एकटी जाणार असं सांगितलं. घर पाहायला म्हातारी माणसं लागतात, ते काम झालं. आता परीक्षा द्यायला जायचंय, ती एकीलाच द्यावी लागते. केसरबाई फोनवर होत्या. त्या एवढंच म्हणाल्या, "जा माय. चूल पाहून येजो."

जाताना तिनं सही केलेला अर्ज माझ्या हातात दिला. काय ठरलं ते ती फोन करून सांगणार. द्या म्हटलं तर द्यायचा, नको म्हटलं तर फाडायचा. साडेपाच वाजायला आले आणि फोनच आला नाही, तर देऊन टाकायचा.

सोमवार, ३० जून. मी दोन वाजता कार्यालयात जाऊन बसलो. समोरच्या खुर्चीत सुरेंद्र होता, मांडीवर फाइल, नवा शर्ट, चेहऱ्यावर मुलगी पाहायला आलेल्या पाहुण्याचा भाव. आम्ही एकमेकांना नमस्कार केला. दामिनीचे मेसेज येत होते. दोन दहा: 'लेखी झाली. एकूण नऊ जण.' तीन चाळीस: 'विमानं पाच. चार वर गेली, चारही खाली आली. मी मोजली.' चार वीस: 'जेवण साधं आहे. स्वयंपाकीण म्हणते पोरं टिकत नाहीत, शिकून निघून जातात.' चार पस्तीस: 'आम्ही दोघं उरलो. आत बोलावलंय. फोन बाहेर ठेवायचा आहे.'

त्यानंतर काही नाही. पाचला मामाजींचा फोन आला, पाच सातला मुखरूभाऊंचा, पाच बाराला पुन्हा मामाजींचा. फोन करून लाइन अडवू नका असं मी प्रत्येकाला सांगितलं आणि त्यांनी ते एकमेकांना फोन करून कळवलं. पाच चोवीसला केसरबाईंचा आला. मी म्हणालो, आत्याबाई, फोन ठेवा. त्या म्हणाल्या ठेवतो, पण आधी सांग, तिथी पानी विहिरीचं हाय का नळाचं. मी उत्तर देत असताना कानात टुक-टुक असा आवाज झाला. दुसरा फोन येत होता. केसरबाई बोलत होत्या. मी कट केला तोपर्यंत तोही थांबला होता.

पडद्यावर दामिनीचं नाव होतं, एक मिस्ड कॉल, पाच पंचवीस. मी परत लावला. संपर्क क्षेत्राबाहेर. पुन्हा लावला. संपर्क क्षेत्राबाहेर.

फोन आला नाही तर अर्ज द्यायचा, असं ठरलं होतं. फोन आला होता. काय सांगायला आला होता, ते ठरलेलं नव्हतं.

लच्छूबाबूंनी आवक नोंदवही पुढे ओढली, पेनाचं टोपण काढलं आणि माझ्याकडे पाहिलं. सुरेंद्रनंही पाहिलं. मी अर्ज टेबलावर ठेवला.

"देऊन राह्यले का, सर?" लच्छूबाबूंनी विचारलं.

पाच वाजून एकोणतीस मिनिटं झाली आहेत. अर्ज टेबलावर आहे, माझा हात अर्जावर आहे, आणि तिसऱ्यांदा लावलेला फोन या वेळी लागला आहे. पलीकडे घंटी वाजते आहे.